पुरात बुडालेल्या येझदीच्या टाकीतला गंज: काढू कसा, आणि सीलर मारू का?

कृष्णाकाठी (सांगली)

मंडळी, राम राम.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा गावभागातल्या आमच्या घरातही पाणी शिरलं. धान्याचे डबे, गाद्या, टीव्ही, सगळं माडीवर नेलं. वडिलांची येझदी रोडकिंग मात्र जिन्याखालीच राहिली. ती काय माडीवर चढवणार? दुसऱ्या दिवशी हँडलसुद्धा दिसेना. पाणी उतरल्यावर एका गॅरेजात दिली. त्यानं इंजिन खोललं, गाळ काढला, गाडी सुरू करून दिली. टाकीचं विचारलं तर म्हणाला, "पेट्रोलनं खंगाळली की, झाली साफ." दोन महिने चालली. मग एकदा बंद पडली ती पडलीच, आणि टाकीत पाव भाग पेट्रोल तसंच राहिलं.

आता परवा झाकण उघडलं. शिळ्या रंगाच्या डब्यासारखा वास. आत बॅटरी मारून बघितली तर विटांचा भुगा थापल्यासारखं दिसतंय, बोट घातलं तर पापुद्रे निघतात. कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाला मिरचीपूड पसरावी तशी लाल पूड.

बाहेरचा रंग कंपनीचा आहे, त्याला हात लावायचा नाही. नवीन टाकी मिळते म्हणतात पण वडील म्हणतात हीच पाहिजे. आत काय घालू? शेजारचे काका म्हणतात संडास धुवायचं ॲसिड ओत, अर्ध्या तासात आरसा होईल. आणि शेवटी आतून सीलरचा लेप मारतात म्हणे, तो मारावा का?

मिरजेचा मिस्त्री

काकांना सांगा, तुमच्या संडासात ओता.

ते हायड्रोक्लोरिक असतंय. गंज खातंय, मग पत्रा खातंय, मग बुडाच्या शिवणीतला डाख (सोल्डर) खातंय. आणि धुऊन झाल्यावर वाफ आत राहिली की दोन दिवसांत टाकी पहिल्यापेक्षा लाल. माझ्याकडं वर्षाला अशा चार-पाच टाक्या येतात, "दादा, ॲसिड घातलं आणि गळायला लागली" म्हणून. ॲसिडनं भोक पाडलं नाही बरं का. भोक आधीच होतं, गंजानं बुजलं होतं. बूच काढलं एवढंच.

पहिलं काम सांगतो. राहिलेलं पेट्रोल काढा. काचेच्या बाटलीत घ्या, रात्रभर हलवू नका. सकाळी बघा, तळाला पाणी वेगळं दिसंल.

खंबाटकी (सातारा)

मिस्त्रींशी सहमत. फक्त एक भर घालतो, आणि ही गंमत नाही. पेट्रोल ओतून टाकलं म्हणजे टाकी रिकामी झाली असं समजू नका. भरलेल्या टाकीपेक्षा नुकती रिकामी केलेली टाकी जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. पेट्रोलची वाफ हवेत दीड ते साडेसात टक्क्यांच्या आसपास असली की ठिणगी पुरते. कपडे धुवायची पावडर आणि गरम पाणी, तीन-चार वेळा, वास पूर्ण जाईपर्यंत. घरात नाही, गच्चीवर. जवळ देवघर, गॅस, बिडी काही नको.

कृष्णाकाठी

बाटलीचा प्रयोग केला. खाली दोन बोटं पाणी, त्याखाली गाळ. पुराचा गाळ असणार, इतकी वर्षं माझ्याच टाकीत! झाकणाच्या श्वासाच्या भोकातून पाणी आत गेलं असेल ना?

मिरजेचा मिस्त्री

तिथूनच. ते भोक बुजवू नका मात्र, नाहीतर टाकीत हवा जाणार नाही, पेट्रोल उतरणार नाही, आणि तुम्ही कार्बोरेटर खोलत बसाल.

रसायन मास्तर (इस्लामपूर)

उशिरा आलो, पण माझा विषय निघाल्यावर राहवत नाही.

गंज म्हणजे लोखंडाचा पाणी धरलेला ऑक्साइड. कुठलंही आम्ल तो विरघळवतं, प्रश्न एवढाच की त्याखालच्या लोखंडाला ते किती चावतं. हायड्रोक्लोरिक दोघांनाही सारखंच चावतं. व्हिनेगर सौम्य, पण त्यात ॲसिटिक आम्ल पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणून दोन-तीन दिवस लागतात आणि अख्खं घर लोणच्याच्या बरणीत राहिल्यासारखं होतं. फॉस्फोरिक चांगलं, गंज काढून पत्र्यावर लोह-फॉस्फेटचा करडा थर ठेवून जातं.

तुमच्यासाठी मी लिंबूसत सांगेन, म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात सुटं मिळतं. एका लिटरला ७० ते ८० ग्रॅम, पाणी हात सोसेल एवढं गरम. कडेपर्यंत भरा, कारण गंज सगळ्यात जास्त वरच्या छताला असतो, जिथं पेट्रोल पोचत नाही, आणि आपण बघतो फक्त तळ. मधूनमधून टाकी हलवा. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन तयार होतो. रात्रभर पुरे. तीन-तीन दिवस ठेवलंत तर गंज संपल्यावर ते पत्र्याकडे वळेल.

आणि जुन्या टाक्यांबद्दल एक, जे फार जणांना माहीत नसतं. कित्येक जुन्या टाक्यांचा पत्रा आतून शिसं आणि कथलाच्या पातळ थराचा असतो. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात ना, त्याच जातीची गोष्ट. जिथं तो थर शाबूत आहे तिथं गंज नाही. जालीम ॲसिड ओतलंत की तुम्ही ती कल्हईच खरवडून टाकता. मग आयुष्यभर "गंज का येतो?" विचारत बसा.

ऊस बारा फूट (वाळवा)

मास्तर, लिंबूसत कशाला? आपल्याकडं मळी (मोलॅसिस) आहे की! कारखान्याची मळी एक भाग, पाणी नऊ भाग, टाकी भरून ठेवून द्या. माझ्या आज्यानं नांगराचे फाळ मळीतून काढलेले. काळं कुळकुळीत लोखंड निघतंय.

रसायन मास्तर

चेष्टा वाटेल, पण बरोबर आहे. मळी लोखंडाला आपल्यात बांधून घेते आणि चांगल्या पत्र्याला फारसा त्रास देत नाही. अडचणी तीन. दोन-तीन आठवडे लागतात. आंबते, फेस येतो, गल्लीतल्या मुंग्या पाहुण्या येतात. आणि मळी कारखान्यातून सहज हातात पडत नाही, तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, का ते सगळ्यांना ठाऊक आहे. पशुखाद्याच्या दुकानात मिळाली तर बघा. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग मात्र त्यात टाकू नका, खाऊन टाकते.

ऊस बारा फूट

त्या मळीचं पुढं इथेनॉल होतंय, आणि तेच पेट्रोलमधून परत टाकीत येऊन गंज करतंय. आपलाच ऊस, आपलीच टाकी. 😄

खंबाटकी

हसू नका, त्यात तथ्य आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आता सगळीकडं तेच. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज फिरणाऱ्या गाडीला फरक पडत नाही, कारण पेट्रोल आठवड्यात संपतं. पण आपल्या असल्या उभ्या गाड्या! पावसाळ्यात साताऱ्यात महिनाभर हवा ओली, टाकी अर्धी. पाणी एका मर्यादेपलीकडं गेलं की इथेनॉल त्याला घेऊन तळाशी बसतं, वर नुसतं पेट्रोल. म्हणजे बुडाला दारू-पाण्याचं तळं आणि ते थेट पत्र्याला चिकटलेलं.

ऊस बारा फूट

म्हणून काय ऊस लावायचा बंद करू का? शेतकऱ्याला दोन पैसे मिळाले की शहरातल्यांच्या टाक्या गंजतात.

खंबाटकी

तसं म्हणालो नाही राव. माझाही एक एकर ऊस आहे कोरेगावात. गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, एवढंच म्हणणं. हवाच नाही तर ओल कुठून येणार?

सौदामिनी (विश्रामबाग)

ऊस नंतर तोडा, धागा टाकीचा आहे. 🙂

कृष्णाकाठी, माझ्या बाबांच्या बुलेटची टाकी मीच केली दोन वर्षांपूर्वी, म्हणून सांगते. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) काढा, तो ॲसिडात ठेवू नका, आतलं रबर आणि पितळ खराब होतं. त्या भोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वर पत्र्याची पट्टी, दोन बोल्टनं आवळून. तोंडाभोवती आणि खाली रंगावर ग्रीस थापा, वर प्लॅस्टिक गुंडाळा. मी ग्रीस लावायला कंटाळले आणि टाकीच्या तोंडापाशी बोटभर रंग उडाला. बाबा अजून पाहुण्यांना तो डाग दाखवतात.

कृष्णाकाठी

एक शंका. पापुद्रे फार आहेत. नट-बोल्ट टाकून हलवतात असं ऐकलंय.

मिरजेचा मिस्त्री

बोल्ट नको, कोपऱ्यात अडकतात आणि पडदीमागं गेले की निघत नाहीत. बारीक साखळी घ्या, हातभर. एक टोक तारेनं तोंडाशी बांधून ठेवा, म्हणजे ओढून काढता येते. थोडं पाणी, साखळी, आणि हलवत बसा. हात भरून येतील. धारदार काही टाकू नका, चांगल्या जागेवरची कल्हई खरवडंल.

हळदगाव (हरिपूर)

हात कशाला भरून येतील? आमच्याकडं हळद पॉलिशचा ड्रम आहे. हंगाम संपला की रिकामाच असतो. मागं एका पाहुण्याची टाकी जुन्या दोन गोधड्यांत गुंडाळली, आत बारीक खडी आणि पाणी, सगळी भोकं बंद, ड्रमच्या आत दोरानं करकचून बांधली आणि सावकाश फिरवली पाऊण तास. आतून लखलखीत. फक्त गोधड्यांना हळदीचा वास आणि टाकीला गोधडीचा.

सौदामिनी

हे फक्त सांगलीतच होऊ शकतं.

रसायन मास्तर

आमच्या शाळेत एकदा विजेनं केलं होतं, तेही सांगून ठेवतो. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून टाकी भरायची. साध्या बॅटरी चार्जरची ऋण बाजू टाकीला, धन बाजू आत टांगलेल्या लोखंडी सळीला. सळी टाकीला कुठंही टेकता कामा नये. बुडबुडे येतात, गंज सुटतो. चांगल्या पत्र्याचं काही जात नाही, हा मोठा फायदा. पण सळीच्या समोर जे येतं तिथलाच गंज निघतो, आणि टाकीच्या आत बोगदा, वाकणं, मागची बाजू अशी भानगड असते. हायड्रोजन सुटतो, म्हणून मोकळ्यावर. स्टेनलेसची सळी कधीही नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात येतं. मीठही नाही, क्लोरिन सुटेल.

नवख्या माणसानं लिंबूसतच करावं हे माझं मत.

कृष्णाकाठी

(शनिवार) आज हरिपूरला जाऊन आलो. 😄 हळदगाव यांच्या ड्रमला टाकी बांधली, अर्धा तास फिरवली. निघालेलं पाणी बघून त्यांच्या आईनं विचारलं, "कुठल्या विहिरीचा गाळ काढलाय?" जाताना भडंग दिलं ते वेगळंच.

घरी येऊन लिंबूसत. टाकीत कडेपर्यंत १३ लिटर बसलं, म्हणजे किलोभर लागलं. दुकानदार विचारतो, लग्नाचं सरबत आहे का.

(रविवार सकाळ) पाणी हिरवट-पिवळं झालंय. आत बॅटरी मारली तर करडा पत्रा दिसतोय! ओतून दिलं, चार वेळा धुतलं, गच्चीवर उन्हात पालथी टाकली आणि नाष्ट्याला गेलो.

(रविवार, तासाभरानं) मेलो. सगळी टाकी आतून केशरी. पुन्हा गंज!

रसायन मास्तर

अहो, आता धुतलेलं उघडं लोखंड! त्याला पाणी आणि हवा मिळाली की तासही लागत नाही. घाबरू नका, हा वरवरचा आहे, अर्ध्या तासाच्या लिंबूसतात जाईल. पण आता पुढचं सलग करा. मध्ये नाष्टा नाही, फोन नाही.

लिंबूसत ओतलं की लगेच खाण्याच्या सोड्याचं पाणी, दोन-तीन मोठे चमचे, हलवून ओता. साधं पाणी एकदाच. मग अर्धा लिटर स्पिरिट किंवा ॲसिटोन, सगळीकडं फिरवून काढा, ते राहिलेलं पाणी आपल्याबरोबर घेऊन जातं. ही वाफही पेट घेते, म्हणून ती उघड्यावर पूर्ण उडून जाऊ द्या आणि वास गेल्यावरच केस वाळवायचा ड्रायर लावा, आधी नाही. आतून कोमट वाटेपर्यंत. गंज काढणं सोपं असतं हो, खरं काम वाळवण्याचं आहे.

सौदामिनी

आणि वाळल्या वाळल्या लगेच थोडं पेट्रोल आणि २टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) मिसळून आतून फिरवा. सीलर मारणार असाल तर मात्र तेलाचा थेंब नको, नाहीतर लेप धरत नाही. म्हणून ते आधी ठरवा.

कृष्णाकाठी

दुसऱ्या खेपेला ड्रायर चालू असताना बायकोला ऑफिसला जायचं होतं. तो संवाद इथं लिहीत नाही.

टाकी आता आतून स्वच्छ करडी, मुठीएवढ्या दोन जागी काळपट. पण मिस्त्री म्हणाले तेच झालं. पेट्रोल घातलं तर बुडाच्या शिवणीजवळ ओलं दिसतंय. एक थेंब, पाच मिनिटांनी दुसरा. आता सीलर मारावाच लागणार ना?

मिरजेचा मिस्त्री

थांबा. आधी भोकं किती ते बघा. पेट्रोल काढा, धुवा, सगळी तोंडं बंद करून कॉकच्या भोकाला नळी लावा आणि तोंडानं हवा फुंका. वरून साबणाचं पाणी. कॉम्प्रेसर लावू नका, टाकीची भाकरी फुगल्यासारखी होईल. जिथं फुगा येईल तिथं खूण करा.

एक-दोन भोकं असली तर डाख. सीलर नको. रेडिएटरवाल्याकडं न्या, तो डाखाचा माणूस असतो. त्याला आधी सांगा टाकी पेट्रोलची आहे, आणि टाकी पाण्यानं काठोकाठ भरूनच काम करायचं, फक्त भोकाची जागा कोरडी. वेल्डिंगची ज्योत दाखवली तर उठून घरी या. आमच्या धंद्यात रिकाम्या टाकीवर ज्योत लावलेल्या माणसांच्या गोष्टी आहेत, त्या इथं सांगत नाही.

खंबाटकी

सीलरबद्दल माझा अनुभव. चार वर्षांपूर्वी एका दुकानातून बाटली आणली, कुठल्या कंपनीची ते सोडा. पांढरा, दुधासारखा लेप. टाकी नीट कोरडी नव्हती हे मला आज कळतंय, तेव्हा बाटलीवर भरवसा ठेवला. वर्षभर छान. मग खंबाटकीच्या चढाला गाडीनं मान टाकली. कॉक काढला तर आतून सोललेल्या चिकूची साल असावी तसे पापुद्रे. मागं ट्रकांची रांग, आणि मी बोगद्याच्या अलीकडं चिमट्यानं साली काढतोय.

ते उरलेलं काढायला ॲसिटोनचे तीन कॅन गेले. गंज परवडला. गंज निदान लिंबूसतानं जातो.

सौदामिनी

उलट अनुभवही लिहिते, नाहीतर एकांगी होईल. आमच्या बुलेटच्या टाकीला बुडाला अकरा भोकं निघाली. एवढा डाख म्हणजे टाकी कमी आणि डाख जास्त. म्हणून दोन भागांचा इपॉक्सी सीलर, इथेनॉल सहन करतो असं स्पष्ट लिहिलेला. घरगुती वापराचा साधा इपॉक्सी पेट्रोलमध्ये मऊ होतो, तो घेऊ नका. मी टाकी आठवडाभर वाळवली, ॲसिटोननं दोनदा धुतली, कॉकच्या आट्यांना ग्रीस लावून जुना बोल्ट बसवला म्हणजे आटे लेपात बुडत नाहीत. मग लेप ओतून अर्धा तास टाकी हातात घेऊन सगळ्या कुशींवर सावकाश फिरवली, उरलेलं ओतून काढलं. तळाला साचू द्यायचं नाही, जाड थर आतून कच्चा राहतो आणि तोच सोलतो. चार दिवस पेट्रोल नाही. दोन वर्षं झाली, ठणठणीत.

पण मी मारला तो भोकांसाठी. नुसत्या गंजासाठी मारला नसता.

रसायन मास्तर

सौदामिनींचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी वहीत लिहून घ्या. गंजावर लेप मारणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

कृष्णाकाठी

(पुढचा शनिवार) फुंकून बघितलं, एकच फुगा. मिरजेत रेडिएटरवाल्याकडं नेली. त्यानं स्वतःच विचारलं, "पाणी भरून आणलंय का?" म्हटलं हा माणूस बरोबर आहे. तापवलेल्या सोल्डरिंग आयर्ननं डाख दिला, दहा मिनिटं. पैसे विचारले तर म्हणाला, चहा सांगा.

आज पुन्हा वाळवली (ड्रायर आता माझ्या मालकीचा झालाय, नवा आणावा लागला), तेल-पेट्रोल फिरवलं, कॉकची जाळी नवी, नळीत कागदी फिल्टर. कार्बोरेटरचे दोन्ही जेट (पेट्रोल जायच्या बारीक भोकाचे तुकडे) काढून फुंकले, पायलट जेटमधून तर उजेडही दिसत नव्हता.

सातव्या किकला सुरू. वडील खुर्ची घेऊन बाहेर बसले होते. काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "टाकी भरून आण, अर्धी ठेवू नकोस."

ऊस बारा फूट

भरा, भरा. आमचंच इथेनॉल हाय त्यात.

मिरजेचा मिस्त्री

महिन्यानं फिल्टर बघा. थोडी लाल पूड येईलच, ती आत अडकलेली जुनी. दुसऱ्या फिल्टरला येत राहिली तर परत लिहा.

नवखा_कराड

धागा वाचून काढला. माझी स्प्लेंडर झटके देतीय, चढाला बंद पडतीय. लिंबूसत किती किलो आणू?

मिरजेचा मिस्त्री

एक ग्रॅमपण नको. आधी काचेची बाटली आणा, पेट्रोल काढून रात्रभर ठेवा, आणि सकाळी फोटो टाका.